बडेसाबचा डावा कान

सोलापुरात होटगी रस्त्याच्या अलीकडं एक मोहल्ला आहे. तिथं निकाह कुणाचाही असो, दोन साक्षीदारांतला एक बडेसाब, हे ठरलेलंच. दुल्हे बदलायचे, बिर्याणीचा आचारी बदलायचा, बडेसाब काही बदलायचा नाही. त्याला कारणही तसंच होतं. तरुणपणी तो ट्रक चालवायचा. एकदा मालकाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं वाटेत कुणाला तरी धडक दिली. बडेसाब तेव्हा शेजारच्या सीटवर झोपलेला. मालक म्हणाला, "चूक समोरच्याची होती, तू बघितलंस म्हणून सांग." बडेसाब म्हणाला, "न बघितलेलं बघितलं कसं म्हणू?" आणि किल्ली ठेवून घरी आला. पुढं त्याच्या बायकोनं, सायराबानूनं, चूल कशी पेटती ठेवली ते तिचं तिलाच ठाऊक. पण तेव्हापासून मोहल्ल्याच्या लेखी बडेसाबचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एक गोष्ट मात्र बडेसाबनं झाकून ठेवली होती. त्याचा उजवा कान गेला होता, तोही कित्येक वर्षांपूर्वी. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडं. हैदराबाद रस्त्यावरचे सगळे हॉर्न आणि सगळा वारा त्या एकट्या कानानं सोसला आणि अखेर हात टेकले. ही गोष्ट बडेसाबनं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. बहिऱ्याला साक्षीला कोण बोलावणार? ट्रक सुटला, गुडघे गेले. आता इस्त्रीचा सदरा घालून निकाहात पुढं बसायचं, एवढाच काय तो मान उरला होता. जेवणावळीत शेजारचा काही बोलला की बडेसाब नुसता हसून मान हलवायचा. आपणहून कुणाला काही विचारायचा नाही, कारण उत्तर ऐकू येईल याची खात्री नसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची!

अशात शेजारच्या राहतचा निकाह आला. पोर बडेसाबच्या अंगाखांद्यावर वाढलेली. नवरा मुलगा सोहेब आखातात नोकरीला, आणि ऐन वेळी त्याची रजा रद्द झाली. इकडं अन्न शिजलेलं, पाहुणे करमाळ्याहून येऊन बसलेले. काझीसाहेबांनी मार्ग काढला. सोहेबनं तिकडून आपल्या वडिलांना वकील नेमायचं, म्हणजे त्याच्या वतीनं वडील कबूल म्हणतील.

"पण त्याचे शब्द दोन्ही साक्षीदारांनी एकदमच ऐकले पाहिजेत, आपापल्या कानानं," काझीसाहेब म्हणाले. "एकानं ऐकून दुसऱ्याला सांगितलेलं मला चालायचं न्हाय."

तिकडून मोबाईलवर कॉल लागेना. कंपनीच्या साहेबानं ऑफिसातला कॉम्प्युटर अर्धा तास वापरू दिला. झालं, सगळी मंडळी शेजारच्या मंजुनाथच्या झेरॉक्सच्या दुकानात. तर तिथं आणखी पंचाईत! मंजुनाथच्या स्पीकरची वायर उंदरांनी कुरतडलेली आणि हेडफोन एकच.

"एकाला दोन हेडफोन जोडायची पिन मिळते चाचा," मंजुनाथ म्हणाला, "पण नव्या पेठेत जायला लागतंय."

जायला वेळ कुठला! शेवटी ठरलं, दोघांनी डोक्याला डोकं लावून बसायचं आणि हेडफोनची एकेक बाजू वाटून घ्यायची.

दुसरा साक्षीदार हमजा गॅरेजवाला. त्याचा देह असा की डावीकडं झेरॉक्स मशीन आणि कॉम्प्युटरच्या मधल्या फटीत त्याचा गुडघासुद्धा मावेना. तो उजवीकडं बसला, बडेसाबच्या वाट्याला फट आली. आणि हेडफोन येऊन चिकटला तो नेमका त्याच्या उजव्या कानाला.

पडद्यावर सोहेबचे ओठ हलले. बडेसाबला ऐकू आली ती फक्त पंख्याची घरघर.

"ऐकलं, साफ ऐकलं," हमजा म्हणाला.

काझीसाहेब वळले. "बडेसाब, तुमी?"

व्हय म्हणायला काय जात होतं? मुलगा हसतोय म्हणजे बोललाच असणार. पण मग राहत जन्मभर ज्या निकाहाच्या भरवशावर संसार करणार, त्यात आपण न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगितलेलं राहणार. दाराशी अख्खा मोहल्ला उभा होता. पोरीची आई पदर तोंडाला लावून बघत होती.

"न्हाय," बडेसाब म्हणाला. "मला कायबी ऐकू आलं न्हाय. हा कान मेलाय माझा, लई दिवस झाले. दुसऱ्या कुणाला बसवा."

हेडफोन हमजाच्या हातात देऊन तो उठायला लागला. मान वर करायचा धीर होईना.

"बसा खाली," काझीसाहेब म्हणाले. "दर निकाहात तुमाला माझ्या उजव्या हाताला का बसवतो मी? तुमचा डावा कान माझ्याकडं यावा म्हणूनच की!"

आजवर बडेसाब त्या जागेला मान समजत आला होता.

"आन् तुमी गॅरेजात येऊन बसला की मी सारखा वळसा घालून तुमच्या डावीकडं येतो, ते काय उगाच?" हमजा म्हणाला.

"मग कुणी बोललं का न्हाय मला?"

"तुमी झाकत होता," काझीसाहेब म्हणाले. "आमी कशाला उघडं करावं? साक्षीला कान एक असला तरी भागतंय, जीभ एक पाहिजे. ती आत्ताच बघितली सगळ्यांनी."

"चाचा, पाचच मिनिटं राहिलीत!" मंजुनाथ ओरडला.

"उल्टे बैठो ना जी!" दारातून सायराबानूचा आवाज आला. "पडदे की तरफ पीठ करके!"

म्हणजे हिलाही ठाऊक होतं! बडेसाब मुकाट्यानं फिरला. हमजाचं तोंड पडद्याकडं, बडेसाबचं दाराकडं, आणि मधे तो हेडफोन. सोहेबनं पुन्हा सांगितलं, "मैं सोहेब, अपने निकाह के लिए अब्बा को वकील बनाता हूं." शब्द न् शब्द बडेसाबच्या डाव्या कानात उतरला. त्याचे डोळे भरून आले.

"ऐकलं," तो मोहल्ल्याकडं बघत मोठ्यानं म्हणाला. "माझ्या कानानं ऐकलं."

राहतच्या आईचा जीव भांड्यात पडला. बडेसाबचाही.

निकाह लागल्यावर जेवताना करमाळ्याचा एक पाहुणा बडेसाबच्या उजवीकडं बसून काहीतरी बोलला. बडेसाबनं मान हलवली नाही.

"पाव्हणं, ह्या बाजूला या," तो म्हणाला. "तिकडचं दुकान बंद हाय."

पाहुणा हसत ताट घेऊन डावीकडं आला. मग बडेसाबनं त्याला पोराबाळांपासून करमाळ्याच्या बाजारापर्यंत सगळं विचारलं, आणि प्रत्येक उत्तर नीट ऐकून घेतलं.