सोनकिडा देणारा माणूस

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा नाही. प्राणीशास्त्रात एम.एस्सी. केलंय, किडे मोजून पोट भरतो. हॉस्टेलवर कुणी भुताचे किस्से सुरू केले की मी त्याची इतकी टर उडवायचो की बिचारा गप्प बसायचा. आता माझी उडवायची तर खुशाल उडवा... पण आधी पूर्ण वाचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राहात्याहून संगमनेरच्या अंगाला निघालं की पुढे टेकड्या लागतात. त्यातली एक खडीसाठी पोखरून पोखरून पार संपवली. आता तिथे नुसता खड्डा – क्रशरही बंद. माती टाकून झाडं लावायची आहेत. त्याआधी तिथे कोणते किडे, पक्षी, सरडे उरलेत याची नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. पद्धत सोपी. खाणीच्या तळाशी सरळ रेषेत चालायचं, दिसेल ते वहीत लिहायचं आणि जागच्या जागी जीपीएसचं बटण दाबायचं. जागा, वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंची – सगळं आपोआप साठतं.

मदतीला गावातल्या पारूमावशी होत्या, पन्नाशीच्या. त्यांचे मालक सात वर्षांपूर्वी शेळ्या घेऊन याच टेकडीवर गेले, तेव्हा ती शाबूत होती. शेळ्या परत आल्या, माणूस आला नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. शेवटी दिरानं समजूत घातली आणि मावशी कशाबशा तयार झाल्या. एका सोमवारी पुणतांब्याला, गोदावरीवर, दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी करायचा ठरला. "सुटंल तरी जीव त्यांचा. अन् माजाबी," असं मला म्हणाल्या होत्या.

त्याच्या आधीचा शुक्रवार. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. मावशी वर रस्त्यालगत चहा ठेवत होत्या, मी खाली एकटाच, मान खाली घालून चालत होतो. एका हिवराच्या सावलीत एक माणूस बसला होता, आजूबाजूला शेळ्या.

"काय हुडकताय?"

"किडे."

तो हसला. "ह्यो घ्या की मग," म्हणत त्यानं मूठ उघडली. आत सोनकिडा, हिरवागार, चमकणारा. मी असला खूश! बाभळी-हिवराच्या पाल्यावर जगणारा किडा तो, इथे मिळेल असं वाटलंच नव्हतं. त्याची डावी करंगळी अर्धीच होती, एवढं लक्षात राहिलं. किडा बाटलीत घातला, बटण दाबलं, पुढे गेलो. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही... कामाच्या नादात माणूस किती बैल होतो बघा.

चहा पिताना मीच मावशींना बाटली दाखवली. "एका शेळीवाल्यानं दिला. डावी करंगळी तुटलेली होती बघा त्याची."

मावशींचा चहा सांडला. "अर्दी? हितून?" त्यांनी स्वतःची करंगळी धरून दाखवली.

"हो."

"आगं बया... आलं म्हनायचं!" आणि त्या अनवाणी खाणीत धावत सुटल्या. मी मागे. तळाशी कुणी नव्हतं. शेळी नाही, लेंडी नाही... झाडही नाही. अख्ख्या खाणीत हिवर नाहीच. तीन आठवडे मी रोज तिथे चालत होतो, मला हे माहीत होतं! मग त्या वेळी का खटकलं नाही?

संध्याकाळी राहात्याच्या खोलीवर नोंदी उतरवल्या. खाणीतल्या सगळ्या नोंदी जवळपास एकाच उंचीच्या. सोनकिड्याची तेवढी अठ्ठावीस मीटर वर. जीपीएस चुकतो, मान्य. पण तो इतका कधीच चुकला नव्हता. जुना नकाशा काढला. त्या जागी टेकडीचा माथा, उंची बरोब्बर तीच. नसलेल्या टेकडीवर बसून जो माणूस बोलतो, त्याला जिवंत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण मावशींनी तोवर विधी मोडला होता. दीर माझ्यावर धावून आला. "सर, तुमाला काय गरज हुती बोलायची? सात वर्सांनी बाई जरा शांत झाली हुती!" मावशींना खरं सांगायला म्हणून गेलो, तर दारातच "तुमच्या तोंडात साखर पडो" म्हणाल्या आणि माझा हात कपाळाला लावला. सांगायचं ते तसंच ठेवून मी दारातूनच परत फिरलो.

सोमवारी सकाळी त्या फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून खाणीत आल्या. "जागा दावा सर. नेमकं कुटं बसलं हुतं?"

नेमकी जागा आमच्या डोक्यावर, हवेत होती. मी खालच्या खडकाकडे बोट दाखवलं. दुसरं काय करू शकत होतो? त्यांनी पदरानं खडक झाडला, भाकरी ठेवली. "यवढं खावा अन् घरी या. म्या काय बोलनार न्हाई," असं त्या खडकाला म्हणाल्या. मला रडू आवरेना.

पुढे खूप जणांना विचारलं. ऊन लागलं असेल, भास असेल... पण भासानं बाटलीत किडा येत नाही, तो अजून माझ्या टेबलावर आहे. मला आजवर याचा उलगडा झालेला नाही.

आता तिथे माती पडलीय, रोपं लागलीत. मी महिन्यातून एकदा किडे मोजायला जातो. मावशी ठसठशीत कुंकू लावून कडेला बसलेल्या असतात. काम संपलं की एकच विचारतात, "दिसलं का, सर?"

मी दर वेळी नुसतं "नाही" म्हणायचं ठरवून जातो. आणि दर वेळी तोंडातून निघतं, "आज नाही, मावशी."