टी-शर्टवरचा चेहरा

वनिता परवा गेली, आणि मी तिच्यावर अजून जळतेय.

खोटं कशाला बोलू? हात जोडलेला इमोजी टाकून मोकळी झाले असते. पण दोन दिवस फोन हातात घेऊन बसलेय आणि तो इमोजी काही टाकवत नाहीये.

गोडदेवला एका स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात आम्ही दोघी कामाला होतो. डिजिटल कॅमेरे नवीन नवीन घरोघरी येत होते, तेव्हाची गोष्ट.

मी कॉम्प्युटरवर. डीटीपीचा कोर्स केलेली, सर्टिफिकेट लॅमिनेट करून टेबलामागे टांगलेलं.

ती डोंगरीहून बसने यायची. सातवी पास. काम काय, तर स्क्रीन धुणे.

आमचं काम सोपं सांगते. फोटो कॉम्प्युटरवर काळ्या ठिपक्यांमध्ये मोडायचा, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायचा. लाकडी फ्रेमवर ताणलेल्या बारीक जाळीला, म्हणजे स्क्रीनला, केमिकल लावायचं, त्यावर तो कागद ठेवून गच्चीवर उन्हात धरायचं. ऊन लागतं तिथलं केमिकल घट्ट होतं. काळ्या ठिपक्यांखालचं पाण्याने धुऊन जातं, आणि तेवढ्याच भोकांतून शाई उतरते.

ऊन किती वेळ द्यायचं, त्यातच सगळी मेख.

मी घड्याळ लावून उभी राहायचे. ती नुसती आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "काढ आता."

आणि तिचीच स्क्रीन चोख निघायची! शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "वनिता का हाथ है, भाई."

माझा नुसता जळफळाट. कोर्स मी केला, आणि हात हिचा?

मग ते टी-शर्टचं काम आलं.

गावातल्या कबड्डी संघाचा कॅप्टन बाइक अपघातात गेला होता. पोरांना त्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाला त्याचा चेहरा छापलेले पांढरे टी-शर्ट घालून मैदानात उतरायचं होतं. फोटो एकच, कुणाच्या तरी हळदीतल्या ग्रुप फोटोतून कापलेला. त्याची आई स्वतः दुकानात आली होती. म्हणाली, "माजा पोर वलकू आला पायजे, बस."

मी जीव ओतला. ठिपके एकदम बारीक ठेवले. कॉम्प्युटरवर काय दिसत होता! मी सगळ्यांना बोलावून दाखवला.

वनिता मागे उभी होती, हाताला केमिकल. म्हणाली, "ये ठिपके जालीवर न्हाय टिकाचे."

मी म्हटलं, "तू स्क्रीन धू."

धुतली तिने. गालावरचं, डोळ्यांभोवतीचं सगळं केमिकल पाण्याबरोबर वाहून गेलं. टी-शर्टवर उमटला काळा गोळा, खाली मिशी. शेठनी तो टी-शर्ट उचलून पुसायच्या फडक्यांत टाकला, ते फार लागलं.

ती शांतपणे म्हणाली, "तुज्या कॉम्प्युटरला जाली न्हाय ना. मोठे कर."

केले मोठे. करणार काय? चेहरा आला, पण मेलेला. म्हणजे, मेलेलाच होता बिचारा, पण टी-शर्टवरही मेलेला.

मग वनिताने ट्रेसिंग खिडकीच्या काचेला चिकटवला आणि ब्लेडच्या टोकाने दोन्ही डोळ्यांतली शाई एवढीशी खरवडली. राईच्या दाण्याएवढी. भुवईखाली काळ्या पेनने चार-पाच ठिपके दिले. गच्चीवर गेली, आभाळाकडे बघितलं, स्क्रीन उतरवली, धुतली.

पहिला टी-शर्ट निघाला आणि आई गं! तो पोरगा आमच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. टी-शर्ट मांडीवर पसरला, बोटाने त्याचे केस बाजूला सारल्यासारखं केलं आणि विचारलं, "कुनी केला ह्यो?"

मी म्हटलं, "मी."

वनिता आत नळापाशी होती. पाणी बंद झाल्याचं मी ऐकलं. थोड्या वेळाने परत सुरू झालं.

त्या बाईने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मी लावू दिले.

आठवड्याने वनिता एवढंच म्हणाली, "मला कॉम्प्युटर शिकव ना. दुपारच्याला, जेवताना."

मी म्हटलं, "सगळं इंग्लिशमध्ये असतं गं. तुला नाही जमणार."

खोटं. महिनाभरात शिकली असती. माझ्या डोक्यावर बसली असती. मला तेच नको होतं. मी तर पासवर्डही बदलून ठेवला!

मग सगळीकडे फ्लेक्स आलं. स्क्रीनची कामं आटली. शेठनी कॉम्प्युटरवाली ठेवली, धुणारीला सांगितलं, "कल से मत आना." ती उत्तनला मासळी सुकवायच्या कामाला लागली. माझं आज स्वतःचं दुकान आहे, तुम्ही सगळे येता, कौतुक करता.

परवा डोंगरीला गेले. तिची मुलगी मला ओळखत नव्हती. नाव सांगितलं तर चेहरा खुलला तिचा, अशा दिवशीसुद्धा.

"मावशी, तो टी-शर्टवरचा फोटो तुम्हीच केलेला ना? आई सगळ्यांना सांगायची. माझ्या मैत्रिणीचा हात लय भारी हाय, म्हणायची."

टोमणा होता की मोठेपणा, देव जाणे. मोठेपणाच असणार. मला नसता जमला. त्याच्यावरही जळतेय मी.

आणि मुलीला काय सांगितलं मी?

मान हलवली. "हो," म्हटलं. दुसऱ्यांदा.

म्हणून हे लिहितेय, आणि त्या मुलीला टॅग करतेय.

बाळा, तो चेहरा तुझ्या आईने केला. डोळे तिने दिले, ऊन तिने ओळखलं. मी फक्त ठिपके मोठे केले, तेही तिने सांगितलं म्हणून. तिने शिकव म्हटलं तेव्हा मी शिकवलं नाही, कारण ती माझ्यापेक्षा चांगली होती.

वनिता, माफ कर म्हणायचं तोंड नाही मला. नीट जा, बाई.