लाल बैलाच्या नावावरचं रक्त

प्रसेनजित उंद्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. हुद्दा लांबलचक, म्हणून गाव त्याला सरळ डॉक्टर म्हणतं आणि तोही कधी हरकत घेत नाही. चिमटा लावून गोऱ्हे खच्ची करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. जनावराला कळायच्या आत काम होतं, असं लोक म्हणतात. जनावराचं मत अजून कोणी विचारलेलं नाही.

अशा या माणसाला मागच्या दिवाळीच्या सुमारास अंघोळ करताना स्वतःच्याच उजव्या वृषणात गाठ लागली. सुपारीएवढी, कडक. दाबून पाहिली तर दुखेना. दुखली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कारण हे प्रकरण त्याला नवं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, त्याच्या पोटात पार मागे कण्याजवळ गाठ निघाली होती. नागपूरला चार महिने इंजेक्शनं झाली, डोक्यावरचा केस न् केस गेला, उरलेली गाठ कापून काढली आणि तो बरा झाला. निघताना तिथल्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. गाठ पोटात असली तरी तिची जात वृषणातल्या कॅन्सरची आहे. तो उद्या तिथेही होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला हाताने तपासत जा, न दुखणारी गाठ लागली तर लगेच या. आणि या औषधांनंतर मूल होणं कठीण, तेव्हा लग्न ठरवताना मुलीला सांगा.

दुसरी गोष्ट त्याने काही वर्षं पाळली. तिसरी गिळून टाकली. घरी सांगितलं, पोटात गाठ होती, निघाली. दोन वर्षांनी मयुरीशी लग्न झालं. मूल झालं नाही. मग मयुरीच्या तपासण्या सुरू झाल्या, आधी मेहकर, मग बुलढाणा, मग अकोला. सगळीकडे तिचं सगळं ठीक निघायचं. तुमच्या मिस्टरांना आणा, असं डॉक्टर म्हणाले की नेमकी त्याच आठवड्यात याची लसीकरण मोहीम असायची. आई, बनाबाई, सुनेला उठताबसता वांझोटी म्हणायची. प्रसेनजित त्या वेळी चहात साखर ढवळत बसायचा. भित्रा माणूस, दुसरं काय म्हणणार!

नागपूरची फाईल पेटीत कुलपाखाली होती. आता कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की तो पहिल्यांदा तीच मागणार आणि ती मयुरीच्या समोर उघडणार. गाठीपेक्षा त्याला भीती होती ती या फाईलची.

म्हणून त्याने आपल्या धंद्यातली पळवाट काढली. गर्भ पडलेल्या, गाभडलेल्या गाईंची वार हाताने काढणाऱ्या माणसाला ब्रुसेला हा जनावरांचा रोग होऊ शकतो आणि ब्रुसेलात वृषण सुजतं. म्हणजे हा ब्रुसेलाच असणार, असं त्याने परस्पर ठरवलं. स्वतःच्या हाताने स्वतःचं रक्त काढलं आणि जनावरांच्या नमुन्यांत घालून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला पाठवलं. अर्जावर मालकाचं नाव हवं, म्हणून गावातल्या उकंडरावाचं टाकलं. जनावर : बैल, लाल, वय चार. तक्रार : उजवं वृषण कडक, दुखत नाही, दोन महिने.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. दवाखान्याच्या नव्या डॉक्टर पुष्पांजली मॅडम कामाला चोख. ब्रुसेला नाही तर मग आहे तरी काय, हे बघायला त्या थेट उकंडरावाच्या गोठ्यात पोचल्या. बैलाच्या मागे वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्याडम, तिथं काय पाहून राह्यल्या?" उकंडराव म्हणाला. "तीन वरसं झाले, परसेनजितभाऊनंच तं याले खच्ची केलं."

मॅडमनी दुपारी प्रसेनजितला समोर बसवलं.

"हे जनावर कुठं आहे?"

"आपल्या इथंच आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

मॅडमनी हातातला रिपोर्ट टेबलावर उलटा घातला. मग म्हणाल्या, "एका बाजूची कडक गाठ, दुखत नाही, ताप नाही, ब्रुसेलाही नाही. मालकाला काय सांगाल?"

"अकोल्याले न्या म्हणीन."

"मग न्या. उद्याची रजा मंजूर. आणि रक्त पुन्हा बैलाच्या नावावर पाठवू नका, सरकारी कागद आहे तो."

अकोल्याला मयुरी सोबत होती आणि पिशवीत कुलपातून काढलेली फाईलही. डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली, फाईल वाचली आणि सांगितलं की हा नव्याने झालेला कॅन्सर आहे. वृषण काढावं लागेल, पण वेळेत आलात, बरे व्हाल. मग पान उलटून सहज विचारलं, "मूल होणार नाही हे तेव्हाच बोलले होते ना तुम्हाला?"

मयुरीने नवऱ्याकडे पाहिलं. नर्सने पुढे केलेल्या कागदावर सही केली. ऑपरेशन झालं, टाके पडले, पण चार दिवस ती औषधाच्या वेळेपलीकडे एक शब्द बोलली नाही. त्या चार दिवसांत प्रसेनजितला मरणाची भीती एकदाही आठवली नाही.

घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "आईले तुमी सांगा. मी नाही सांगत."

बनाबाई तांदूळ निवडत होती. जांघेतले टाके सांभाळत तो तिच्यासमोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. लग्नाआधीपासून आपल्याला माहीत होतं, हेसुद्धा. बनाबाईचे हात थांबले.

"काऊन नाही सांगितलं बे?"

"लाज वाटे."

"तुले तुही लाज वाटली," बनाबाईचा आवाज चढला. "नऊ वरसं हे पोरगी ऐकत होती, तिची नाही वाटली?"

"तुमाले तरी कुठं वाटली, आई?" मयुरी दारातून म्हणाली. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. तिला उगी करायचा हक्क त्या दोघांपैकी कोणालाच नव्हता.