वस्तू सरांचा समुद्र

एकोडीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे आमचे सर वस्तू दाखवल्याशिवाय शब्द शिकवत नसत. पोरांनी त्यांचं नावच वस्तू सर पाडलं होतं. 'स्लिपरी' आला की सगळा वर्ग धानाच्या ओल्या बांधावरून चालायचा आणि सगळ्यात आधी सरच चिखलात बसायचे. बसल्या जागेवरून म्हणायचे, "हे स्लिपरी. आता हसा, अन् मंग लिवा." 'बिटर'च्या दिवशी प्रत्येकाला कारल्याची फोड मिळाली. 'स्वीट'च्या दिवशी गूळ मात्र सरांनी एकट्यानं खाल्ला. का, तर "हा शब्द तुमाले पहिलेच येते."

"डोयानं पाह्यलं नाही ते डोक्यात राहत नाही," असं ते उठता बसता सांगत. इतकं सांगत की आम्हाला ते डोळ्यांनी न पाहताही पाठ झालं.

सरांचं घोडं अडलं ते समुद्राशी. आमच्याकडे तलाव गावोगाव, पण समुद्र आणायचा कुठून? सरांची स्वतःची धाव नागपूरपर्यंत. आणि धड्यात आला 'चॉपी' हा शब्द, समुद्राचं विशेषण. सर हार मानणारे नव्हते. त्यांनी विहिरीवरून भरलेली बादली आणवली आणि दोन्ही हातांनी अशी हिसडली, की पहिल्या बाकावरच्या आम्ही मुली भिजून चिंब. "पाह्यलं? उंच उंच लाटा, जहाज उलथवणारा समुद्र, म्हंजे चॉपी! आता वाक्यात उपयोग करा."

शालिकचे वडील गावच्या तलावात मासे धरत. शालिकनं लिहिलं, "आज आमचा तलाव चॉपी आहे." सरांनी ते इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पोट धरून हसले. "अरे बापू, तलावाले कोनी चॉपी म्हनते काय? त्याले समुद्र लागते!" सर हसले म्हटल्यावर वर्ग कशाला मागे राहतो? मीही हसले.

पुढे मला कोकणातल्या एका छोट्या बंदराच्या ऑफिसात नोकरी लागली. दरवर्षी मी सरांना समुद्र पाहायला बोलवायची आणि दरवर्षी सरांचं कारण तयार असायचं. कधी रोवणी, कधी कापणी, कधी जावई. निवृत्तीनंतर कारणं संपली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनीच, त्यांना गाडीत बसवून दिलं. "जाऊन या एकडाव. घरातल्या बादल्या तरी वाचतीन."

धक्क्यावर उभं राहून सरांनी समुद्र डोळे भरून पाहिला. मला फार बरं वाटत होतं. मग मी त्यांना लाँचमधून फिरवायचं ठरवलं, तर लाँचवाले कप्तान म्हणाले, "आज नको. पाणी चॉपी आहे, सरांना त्रास होईल."

सरांनी पाण्याकडे पाहिलं. उंच लाट एकही नव्हती. वाऱ्यानं सगळीकडे आखूड, तुटक लाटा उठत होत्या.

"हे चॉपी? येवढुसं?"

"हेच. लाटा मोठ्या झाल्या की आम्ही रफ म्हणतो."

"अन् तलावाले म्हनता येते काय?"

"वारा असला की तलावही चॉपी होतो की."

सर तिथेच पायरीवर बसले. "असं पानी तं आपल्या तलावावर रोज दिसते," ते म्हणाले. "वस्तू घरासमोर होती, अन् मी बादली हालवत बसलो. शालिक बरोबर होता, बाई. मी त्याले हसलो." आठवडाभरासाठी आलेले सर दुसऱ्याच दिवशी परत निघाले. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही रजा टाकून सोबत गेले.

शालिकचं आंधळगावात जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. आम्ही थेट तिथेच गेलो. सरांनी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली, "शालिक, तुह्यं वाक्य बरोबर होतं. तलाव चॉपी होते. मी चुकीचं शिकवलं." शालिक गडबडला. "जाऊ द्या ना सर, मले तं आठवतही नाही," म्हणत त्यानं खुर्ची पुसली, पंखा सुरू केला, बायकोला चहा सांगितला. मग हातातल्या तारेकडे बघत हळूच म्हणाला, "आठवते, सर. त्या दिवसापासून मी वर्गात हात वर नाही केला."

सर आज नाहीत. त्यांचं पुष्कळ काही मी विसरले असेन, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा विसरणं शक्य नाही. ते खुर्चीतून उठले आणि वर्गात उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले.

"तं आता कर."

शालिकचे कानशिलावरचे केस पिकले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि तेलकट हात वर केला.

"हां. बोल, शालिक."

शालिकचा हात वरच राहिला. सर थांबले. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अवो, काहून हात वर करून बसले?"

"थांब जराशी," शालिक म्हणाला. "सर मले विचारून राहिले."