शेवट सांगितलाच पाहिजे

हात कामात आणि तोंड मोकळं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. लोणावळ्यात आमचा चिक्कीचा छोटा कारखाना आहे. आमचा म्हणजे शेठचा; आम्ही तिथे चिक्की लाटतो, कापतो आणि पाकिटात भरतो. सोमवार हा आमचा पिक्चरचा वार. रविवारी घरी टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर जे बघितलं असेल त्यावर प्रत्येकीने मत द्यायचं. गप्प बसणारीला आजारी समजतात.

बाहेर कुणी पिक्चरचा शेवट फोडला तर लोक भांडतात. आमच्यात शेवट सांगितला नाही तर भांडण होतं, आणि त्याला कारण सुनीता.

सुनीता कामशेतहून येते. लग्न झाल्यापासून तिने घरी एकाही पिक्चरचा शेवट बघितलेला नाही. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते. आणि त्यांना भूक लागते ती नेमकी शेवट जवळ आला की. "सुनीता, तवा ठेव," म्हणतात. पिक्चर थांबवून ठेवलेला त्यांना चालत नाही, मजा जाते म्हणे! सासूबाई आता नाहीत, नवरा सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरायला लागतो. मग हिरो संकटात आणि सुनीता परातीपुढे.

"एकदा तरी एखादा पिक्चर पुरा बघायचाय गं मला," असं ती इतकं साधेपणाने म्हणते की मला खरंच वाईट वाटतं.

*

सुरुवातीला आम्ही तिला म्हटलं, अगं, जेवायला वाढताना आबांनाच विचारत जा की.

तिने विचारून बघितलं. आबा प्रत्येक वेळी एकच सांगायचे, "झालं समदं नीट." प्रेमाचा पिक्चर असो, भुताचा असो, शेवट हाच.

एकदा लढाईचा पिक्चर होता. त्यात हिरो मरतो, त्याचा मित्र मरतो, ज्या पुलासाठी सगळं चाललेलं तो पूलही जातो. आमच्यातल्या रेखाने तो बघितला होता, म्हणून आम्हाला कळलं. सुनीताला आबांनी काय सांगितलं होतं?

"झालं समदं नीट. भाकर आण."

*

मग सुनीता आवाजावरून अंदाज बांधायला लागली. एका सोमवारी डोळे सुजवून आली. आम्हाला वाटलं घरात काही झालं. तर म्हणाली, हिरॉइन गेली. बाहेरच्या खोलीतून नुसती रडारड ऐकू येत होती, सनई वाजली आणि मग सगळं शांत झालं. तिला तवा दिसेनासा झाला इतकी रडली होती.

रेखा म्हणाली, "अगं, ती पाठवणी होती. लग्न झालं तिचं."

सुनीताने डोळे पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग रडले ते काय फुकट न्हाई गेलं. त्या पोराचं लक्षण काय मला बरं दिसत नव्हतं."

*

रेखाबद्दल सांगायला हवं. तिचं घर इथेच, कारखान्यामागे. आमच्यात सगळ्यात जास्त पिक्चर तीच बघते, कारण मोबाईलवर ती ते वाढीव स्पीडने पळवते. म्हणते, आपल्याला कुठे एवढा वेळ आहे? तिची मतंही तशीच. एक हिरो तिला फार आवडायचा. चटपटीत आहे, बोलायला लागला की समोरच्याला उत्तर सुचत नाही, अशी तारीफ चालायची.

दिवाळीत ती भावाकडे गेली. तिथे टीव्हीवर त्याच हिरोचा पिक्चर लागला होता, अर्थातच साध्या स्पीडने. ती परत आली ते तोंड पाडूनच.

"काय झालं गं?"

"त्याची तब्येत लय उतरलीय," रेखा म्हणाली. "दोन शब्द बोलायला दम लागतोय बिचाऱ्याला."

*

आमच्यात वयाने मोठ्या पार्वती मावशी. चिक्कीचं काम कमी असतं तेव्हा त्या तुंगार्लीतले पाहुण्यांचे बंगले झाडतात. नातवाने त्यांना हट्टाने एक भुताचा पिक्चर दाखवला. जुना बंगला, वर्षानुवर्षं बंद, आत एकटी हडळ. नातू पांघरुणात शिरला. मावशी मात्र शेवटपर्यंत मान पुढे काढून बघत होत्या.

आम्ही विचारलं, भीती नाही का वाटली?

"भीती कसली?" मावशी म्हणाल्या. "एवढा बंद बंगला, पन फरशी बघा कशी चकचकीत. कोपऱ्यात एक जाळं न्हाई. एकटीनं कसं ठेवलं असंल गं तिनं?"

*

गरम चिक्की ओट्यावर ओतली की पटापट लाटून, ऊन असतानाच कापावी लागते. गार झाली की ती कुणाचं ऐकत नाही. हे आम्हाला झोपेतही माहीत आहे. पण एका सोमवारी रेखा खुनाचा पिक्चर सांगत होती. घरातल्या चौघांपैकी खुनी कोण, इथपर्यंत आलेली. सुनीता कटर हातात धरून उभी, आम्ही सगळ्या तिच्या शेजारी. रेखाने नाव सांगितलं, आम्ही "अगं बाई!" म्हटलं आणि खाली बघितलं तर अख्खी चिक्की फरशीसारखी घट्ट!

शेठ आले. हातोडी मागवून त्यांनी स्वतः ती फोडली. आम्हाला वाटलं, आता पिक्चर बंद. पण माणूस समजूतदार. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा नियम केला: लाटताना आणि कापताना फक्त कौटुंबिक पिक्चर. खून भरतानाच करायचे.

*

शेवटी सुनीतासाठी मावशींनीच कंबर कसली. एका रविवारी संध्याकाळी त्या कामशेतला तिच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या. चहा झाला, पिक्चर लागला. शेवट जवळ आला तशी आबांना भूक लागली आणि त्यांनी हाक मारली, "सुनीता, तवा ठेव."

सुनीता उठायच्या आत मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. "बसू द्या तिला, आबा. भाकरी मी टाकते."

आता दारात आलेल्या पाहुणीला चुलीपुढे कसं बसवणार? कामशेतभर बोभाटा झाला असता. आबांचा चेहरा पडला. मुलगा शेजारी घोरत होता, त्याचा उपयोग नव्हता. "तुमी कशाला? मी हाय की," म्हणत आबा स्वतःच आत गेले. परातीचा आवाज यायला लागला.

सोमवारी आम्ही सगळ्या सुनीताभोवती. मावशी आधीच हसत होत्या, पण काही बोलायला तयार नव्हत्या.

"बघितलास शेवट?" मी विचारलं.

"बघितला. पुरा."

"आणि आबा?"

"आतनं विचारत होते. सुनीता, कोन रडतंय गं? काय झालं?"

"मग तू काय सांगितलंस?"

सुनीताने हातातलं पाकीट बंद केलं, खोक्यात ठेवलं आणि दुसरं घेतलं.

"टीव्हीचा आवाज बारीक केला."