कंपनीतनं आला तसा फोन

भागूबाई म्हंजी माझी थोरली जाऊ, मी तिला आक्का म्हणायची. अंथुर्ण्याच्या भाईर कालव्याच्या कडंला आमची वस्ती हाय, तितं एकाच अंगणात आमच्या दोघींच्या चुली. लोक म्हणतात बाई लई गरीब हुती, खाली मान घालून नांदली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! गरीब म्हणं! मी द्वारकाबाई बारा गावचं पाणी प्यालेली, मी तुमाला सांगते, आसली बेरकी बाई मी दुसरी बघितली न्हाय. फकस्त तिचा बेरकेपणा कुणाच्या नजरंत येत न्हवता.

ल्हानपणी ती बापामागं मेंढरं राखायची. साळा तिनं भाईरनंच बघितलेली. पर कळपातलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे नुसतं तोंड बघून सांगायची. आकडा म्हणलं की मातर हात जोडायची. एस्टीची पाटी मला वाचाय लावायची, मी चौथी शिकलेली न्हवं का! तिचा मालक तात्याबा, आमचं थोरलं भावजी. मेंढरं इकून डाळिंबं लावली, राबून राबून बागाईत उभी केली, खोटं कशाला बोलू. पर त्येंचा हात आधी उठायचा आन् तोंड मागनं उघडायचं. ल्योक दादासो माळेगावच्या कारखान्यावर कामाला, त्यो बापाच्या वरताण. आन् धाकली मनिषा, बारामतीच्या कालेजात जाणारी आमच्या वस्तीवरची पयली पोर.

सत्त्याण्णव साली दादासोनं घरी फोन आणला. लालभडक, बटनांचा. त्याला एका अंगाला बटनांची येगळी रांग हुती. त्यात एकदा नंबर भरून ठिवला की नुसतं बटन दाबायचं, फोन आपला आपण लागायचा. नंबर दिसायला काचबिच काय न्हवती. संगं इंग्रजी पुस्तक आलेलं, ते दादासोनं उलटंपालटं करून बघितलं आन् भनीकडं फेकलं. मनिषानं ते वाचलं आन् एकेक बटनात नंबर भरला. कारखान्याचा, दूध डेअरीचा, डाक्टरचा, मामाचा. आईला वाचाय येत न्हाय म्हणून बटनाबटनावर येगळ्या रंगाची टिकली चिकटवली.

"आई, ह्याच्या बुडाला बारकं भोक हाय बघ," ती म्हणाली. "त्यात पिन घालून दाबून धरली की आवाज हुतो आन् फोन कंपनीतनं आला तसा हुतो. आत भरलेलं समदं पुसून जातं. पुसताबिसताना त्याला हात लावू नगंस हां."

"येवढं उपद्व्यापी भोक ठिवलंच कशाला मेल्यांनी?" आक्का म्हणाली, आन् आमी तिघी लई हसलो.

म्होरल्या सालात मनिषा निघून गेली. ज्ञानेश नावाच्या पोरासंगं. पोरगं चांगलं हुतं, पर आपल्यातलं न्हवतं.

मग काय इचारता! निमगाव केतकीच्या बाजारात ज्ञानेशचा चुलता कांदं घिऊन बसायचा. दादासोनं त्याला भर बाजारात गचांडी धरून वढला आन् त्याच्याच तागडीच्या दांडीनं हाणला. बिचाऱ्याचा कान फाटला. बाजार नुसता बघत उभा राहिला. हिकडं भावजींनी मनिषाची कापडं, पुस्तकं अंगणात पेटवली, पोर मेली म्हणून आंघोळ केली आन् ताटावर बसलं. दादासोनं मातर आंघोळ केली न्हाय. त्यानं कोयत्याला धार लावली. "दिसली की दोन तुकडं करीन," म्हणायचा. त्यो बोलून मोकळा हुणाऱ्यांतला न्हवता. कोयता पोत्यात गुंडाळून फटफटीला बांधलेला आसायचा, कामावर जाताना बी.

मनिषा गेली त्याच दिशी आक्काच्या ध्यानात आलं की रांगंतल्या शेवटच्या रिकाम्या बटनावर हिरवी टिकली हाय. कुणी सांगितलं न्हाय, काय न्हाय. मेंढरांत नवं कोकरू दिसावं तशी तिला ती दिसली. गड्यांना काय, टिकल्या म्हंजी बायकांचा खेळ.

दुपारी गडी रानात गेली की आक्का ते बटन दाबायची. मी उंबऱ्यावर सूप घिऊन बसायची, नजर वाटंवर. कानात प्राण आणून आयकायची मी.

"बरी हायस का? जेवलीस का? त्यो हात उचलत न्हाय न्हवं?" येवढंच तिचं इचारणं. मनिषा कवातरी म्हणायची, "आई, आमी हितं..." की आक्का तिला मधीच तोडायची. "गावाचं नाव काढलंस तर ठिवून दीन!"

मला राग यायचा. मी म्हणलं, "पोर कुठं हाय ते तरी इचार की गं! आसली कसली आई तू?"

"द्वारके," ती म्हणाली, "येक ना येक दिस ही मला बेलभंडारा उचलाय लावत्याल. मी बिरोबाम्होरं खोटं बोलणार न्हाय. म्हणून मला ठावंच नगं."

तुमाला म्हणून सांगते, आमच्यात बेलभंडाऱ्याच्या वर कोर्ट न्हाय. बेलाचं पान आन् देवाची हळद हातात घिऊन माणूस जे बोललं ते खरं. खोटं बोलला तर घर बसलं. आन् एकदा उचलला की त्या माणसाला त्या गोष्टीचं पुन्हा कुणी इचारायचं न्हाय, बापानं बी न्हाय.

घात केला मनिषाच्या एका मैत्रिणीनं. वाईट मनानं न्हवं, आगाव तोंडानं. बारामतीच्या स्टँडवर दादासो दिसला तर म्हणती कशी, "काकूंचा गुडघा आता बरा हाय का? मनिषाचा फोन आलेला, कुठनं ते सांगत न्हाय, पर लई काळजी करत हुती." आगं भवाने! आक्काचा गुडघा धरला हुता आठवड्यामागं, मनिषा गेल्यावर. दादासोच्या डोस्क्यात लगीच उजेड पडला. त्यो तसाच फटफटी मारत वस्तीवर आला.

मी उंबऱ्यावर हुते. आक्का आत. फटफटी त्यानं उभी बी केली न्हाय, आडवी टाकली. हातात कोयता.

"सरक काकी. फोनात तिचा नंबर हाय. येकेक बटन दाबतो, कोण उचलतंय बघतो."

 मी दोन्ही हात चौकटीला लावलं आन् वस्ती हादरंल आसं वरडले, "आक्काऽ! दादासो आलाय! बटनं दाबतो म्हणतोय!"

त्यानं माझा अंबाडा धरला आन् मला फरफटत अंगणात आणली. मी त्याच्या मनगटाला चावले. सोडलंच न्हाय. तोंडात त्याचं खारट रगत आलं तवा त्यानं माझ्या बरगडीत लाथ घातली, डोळ्याम्होरं अंधारी आली. तरी मी त्याचा पाय कवळून धरला. त्यो मला वढत उंबऱ्यापातूर गेला. तेवढ्यात आतनं आवाज आला. टूंऽऽऽ. येकदाच, लांबलचक.

दादासो थबकला. मग मला झिंजाडून आत घुसला. मी रांगत मागं गेले.

आक्का भुईवर बसलेली, मांडीवर फोन उलथा, हातात बांगडीला आडकवायची पिन. त्यानं फोन हिसकला. येक बटन दाबलं, दुसरं दाबलं, हिरव्या टिकलीचं दाबलं. शेवटी लावलेला नंबर पुन्हा लागतो ते बी दाबलं. कुठंच काय न्हाय. कारखाना न्हाय, डेअरी न्हाय, मामा न्हाय. फोन कंपनीतनं आला तसा कोरा.

"पुसलं! हिनं समदं पुसलं!" आसं वरडून त्यानं हातातला रिसीवर आईच्या तोंडावर हाणला. जल्म दिलेल्या आईच्या! दात तुटून पदरात पडलं. त्यानं पुन्हा हाणला. मी मधी पडले तर मला भितीवर ढकललं.

गलका आयकून भावजी डाळिंबातनं पळत आलं, हातात कुऱ्हाडीचा दांडा. दादासोनं काय झालं ते सांगितलं. भावजींनी बायकूकडं बघितलं, तिच्या तोंडातनं रगत गळत हुतं, आन् दांडा उचलला.

"गाव सांग."

"ठावं न्हाय."

पाठीवर हाणला.

"नंबर सांग."

"मला आकडा येतो व्हय?"

खांद्यावर हाणला. तिनं डाव्या हातानं आडवलं तर हाताचं हाड कडकन मोडलं. आवाज मी आयकला. आजून बी आयकते. ती वरडली न्हाय, मीच बोंबलत हुते. माझ्या तोंडात येतील त्या शिव्या मी थोरल्या दिराला दिल्या, डोईवर पदर न्हवता माझ्या आन् त्याची लाज बी न्हवती. कसाई म्हणलं, राकुस म्हणलं. त्यो माणूस हाणतच राहिला. "गाव सांग" म्हणायचा आन् हाणायचा.

शेवटी त्योच दमला. धापा टाकत मेढीच्या खांबाला टेकला आन् म्हणाला, "द्वारके, देव्हाऱ्यातला भंडारा आण. बेल आण."

 मी आणलं. आक्का कशीबशी उठून बसली आन् म्हणाली, "आधी चूळ भराय पाणी दे. तोंडात रगत घिऊन देवाचं नाव घ्येत न्हायीत." मी तांब्या धरला. ती चूळ भरायची, लाल पाणी पडायचं, पुन्हा भरायची. पाणी नितळ पडंपातूर तिनं कुणाला बोलू दिलं न्हाय. 

मग उजव्या हातावर बेल आन् भंडारा घिऊन ती म्हणाली, "बिरोबाची आन. माझ्या लेकीचा नंबर माझ्यापाशी न्हाय, ह्या फोनात न्हाय. तिचं गाव मला ठावं न्हाय. खोटं आसंल तर माझं डोळं जावं आन् ह्या घरात दिवा लावाय कुणी राहू नये."

भावजींनी दांडा खाली सोडला.

"तात्या, आत्ता पुसलाय तिनं!" दादासो चवताळला. "आवाज माझ्या कानानं आयकलाय!"

"पुसला आसंल. पर आता न्हाय, हे ती देवाम्होरं बोलली."

"मला न्हाय पटत!" आसं म्हणून दादासोनं कोयता उचलला आन् आईच्या म्होरं गेला. भावजींनी भुईवरचा दांडा घेतला आन् त्याच्या मनगटावर आसा घातला की कोयता चुलीपातूर गेला. दादासो हात धरून खाली बसला. बापानं त्याला तिथंच तुडवला. "बेलभंडाऱ्याच्या वर बोलतोस? माझं घर बसवतोस? आजपास्नं त्या पोरीचं नाव काढलंस तर तुझं तुकडं हुतील!"

बायकूचं हाड मोडताना ज्याला काय वाटलं न्हाय, त्यो चिमूटभर हळदीला भ्याला. थुंकते मी आसल्या मर्दपणावर. पर त्याच हळदीनं मनिषा वाचली, हे बी खरं. दादासोनं कोयता पुन्हा फटफटीला बांधला न्हाय.

डाक्टरला भावजींनीच सांगितलं, हिरीच्या पायऱ्यांवरनं पडली. हात बसला, पर वाकडा. नंबर आमच्यात कुणालाच म्हाईत न्हवता, त्यो फकस्त फोनाला ठावा हुता, आन् आक्कानं त्याचं डोस्कं आपल्या हातानं रिकामं केलं. ती आता रोज दुपारी फोनाजवळ बसायची, पर लावायची कुणाला? मनिषा सोताहून फोन करायची न्हाय, बाप नाय तर भाऊ उचलंल म्हणून. लेकीला वाटत आसंल आईच इसरली. मी ह्या इचारानं लई रडले. आक्का न्हाय रडली.

दिवाळी झाल्यावर येक दिस दुपारीच घंटी वाजली. गडी रानात हुती. आक्कानं उचलला. मी कान लावला.

"आई! आगं मी! किती दिस झालं, तुजा फोन न्हाय. माज्या जिवाला घोर लागलाय. आई, मला पोरगी झाली."

आक्कानं वाकड्या हातानं फोन कानाला दाबला. "धडधाकट हाय का?" ती म्हणाली.

"हाय. तुज्यावाणीच नाक हाय. आई, आमी आता घर बदललं. द्वारकाकाकीला बलीव, नंबर लिवून घे. आमी हितं..."

आक्कानं फोन ठिवला.

माझं टाळकंच फिरलं. "येडी का खुळी तू? नात झालीय तुला! आयकायचं तरी हुतंस!"

"आयकलं आसतं तर ठावं झालं आसतं," ती म्हणाली. "मी देवाला न्हाय म्हणून सांगितलंय. उद्या ठावं हाय म्हणून कळलं तर मग माझ्या बोलण्याला धरून कोण थांबंल?"

फोन पुन्हा वाजला. तिनं त्यावर हात दाबून धरला, पर उचलला न्हाय. वाजून वाजून त्यो गप झाला. त्याच्यानंतर कवाच वाजला न्हाय, निदान दुपारचा तरी.

लई येळानं ती उठली, गुरांना पाणी दावाय निघाली. दारात थांबली आन् म्हणाली, "आवाज बसल्यावाणी वाटला गं तिचा. वलं बाळतपण, आन् गार पाण्यात हात घालत आसंल. सांगाय पायजे हुतं."