डाव्या हाताची पेटी

उंब्रजच्या आतल्या अंगाला एका वाडीत ख्रिस्ती लोकांची अकरा घरं आहेत आणि पत्र्याचं एक छोटं चर्च आहे. तिथं तीस वर्षं पेटी वाजवली ती सुलाबाई लोंढेनं. पेटी तिच्या बापानं मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, दिलेली. चर्चची किल्ली तिच्याकडं, झाडलोट तिच्याकडं, आणि रविवारी गाणं कुठल्या पट्टीत धरायचं हेही तिच्याकडं. उपासना चालवणारे पाळकसाहेब बदलून जात, सुलाबाई जाग्यावर.

गेल्या उन्हाळ्यात म्हशीला वैरण करताना कडबाकुट्टीनं तिच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. यंत्राचं झाकण महिनाभर निखळलेलं होतं. ती रोज सांगायची आणि तिचा नवरा नाथाजी रोज म्हणायचा, "उद्या बसवतो." कराडच्या दवाखान्यात शुद्ध आल्यावर तिनं पहिलं त्यालाच विचारलं, "झालं का बसवून?" नाथाजी भिंतीकडं तोंड करून रडला. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो देवाचा.

ती घरी आली आणि समाचाराला माणसं लोटली. एकेकाचं ऐकावं असं. मंडळीचे मोठे पंच तात्याबा, त्यांची बायको हरणाबाई खाटेवर टेकली आणि म्हणाली, "देवाचे आभार मान सुले. आंगठा तरी ठेवला त्यानं."

"मग तुमची चार बोटं द्या की त्याला," सुलाबाई म्हणाली. "आन आभारबी तुमीच माना."

हरणाबाई अर्धा चहा टाकून उठली. गावभर झालं, की सुलाबाईचा विश्वास डळमळला. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण या लोकांना पाठ असते. फक्त ती दुसऱ्याला ऐकवायची असते, स्वतः ऐकायची नसते.

पुढच्या महिन्यात पंचांनी पेटीचं ठरवून टाकलं. तिला विचारलंसुद्धा नाही. तात्याबांचा मुलगा धैर्यशील पुण्याहून कीबोर्ड घेऊन आला होता, तो वाजवणार. पेटी जुनी झाली, ती कापणीच्या सणाला लिलावात काढायची. कापणीच्या सणाला घराघरातून पहिलं पीक येतं, बाजरी येते, भोपळे येतात, कोंबड्या येतात, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या भोपळ्यांच्या रांगेत आता तिच्या बापाची पेटी बसणार होती. सुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण किल्ली अजून तिच्याकडं होती.

रोज दुपारी, माणसं रानात असताना, ती चर्च उघडायची. पेटी नेहमी उजव्या हातानं वाजते आणि डाव्या हातानं भाता हलतो. तिनं ती उलटी धरायला घेतली. उरलेला अंगठा भात्यात अडकवायचा आणि तळव्यानं रेटायचं. डाव्या हातानं सूर शोधायचे. जखम उकलून रक्त आलं, तेव्हा तिनं फडकं गुंडाळलं. बोटं पडायची भलतीकडंच. मग ती वर पत्र्याकडं बघून भांडायची, "म्हस न्हाई दिसली तुला? तात्याबाचा कीबोर्ड न्हाई दिसला? माझीच बोटं दिसली व्हय?" घसा बसेपर्यंत भांडायची आणि परत सूर धरायची. सहा महिने हे चाललं. नाथाजी दाराबाहेर बसून राखण करायचा आणि आत जायची त्याची छाती व्हायची नाही.

सणाच्या आदल्या दिवशी तात्याबा एक कागद घेऊन आले. सणाला साक्ष द्यायची पद्धत असते. माणसानं मंडळीपुढं उभं राहून देवानं आपलं काय केलं ते सांगायचं. सांगलीहून पाहुणे येणार होते, म्हणून तात्याबांनी सुलाबाईची साक्ष स्वतःच लिहून आणली होती. दुसऱ्याच्या तोंडची साक्ष लिहून आणावी, ही अक्कल फक्त आमच्या पंचांनाच सुचू शकते! कागदावर लिहिलं होतं, की माझा हात देवानं घेतला याबद्दल मला अत्यानंद झाला आहे.

"वाचायचं तेवढं. लोकांचा विश्वास वाढंल," तात्याबा म्हणाले.

तिनं कागद घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. पेटी भोपळ्यांशेजारी जमिनीवर मांडलेली. साक्षीला नाव पुकारल्यावर सुलाबाई उठली ती सरळ पेटीपाशी गेली आणि खाली बसली. फरशी वरखाली होती, पेटी डुगडुगली. तिनं कमरेचा कागद काढला, आणखी एक घडी घातली आणि पेटीच्या कोपऱ्याखाली सारला. पेटी घट्ट बसली.

"बोटं देवानं घेतली न्हाईत," ती म्हणाली. "झाकण नसल्यालं यंत्र व्हतं, त्यानं घेतली. त्याबद्दल मी आभार मानणार न्हाई, आन मानायला लावू बी नगा." तिनं डावा हात नाथाजीकडं केला. "ह्यो माझा नवरा. ह्यानं झाकण बसवलं न्हाई. पर सा महिने रोज सकाळी माझी येणी घालतोय. भांग वाकडा पडतोय. तरी त्या वाकड्या भांगाबद्दल मी आभार मानते. आन देवाला मी सा महिने हितं बसून शिव्या दिल्या. त्यो उठून गेला न्हाई. तुमी अर्ध्या चहात उठून गेला."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. नाथाजीनं मान खाली घातली.

सुलाबाईनं अंगठा भात्यात अडकवला आणि बापानं बांधलेलं उपकाराचं गीत धरलं, "भाकर तुझी, भूकही तुझी, गाया उरलो आम्ही." दुसऱ्या ओळीला बोट चुकलं आणि पेटी बेसूर किंचाळली. धैर्यशीलचा हात कीबोर्डकडं गेला, सावरून घ्यायला.

"हात काढ," सुलाबाई म्हणाली. मग तिनं मंडळीकडं बघितलं. तिचा चेहरा रागानं लाल होता, डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. "चुकलं माझं. पयल्यापासनं घेऊया. आन आवाज काढा गड्यांनो, म्या एकटीनं किती गायचं?"

पहिला आवाज निघाला तो नाथाजीचा, जन्मभर बेसूर. त्याच्यामागून बाकीचे लागले. शेवटच्या ओळीला हरणाबाईही गात होती. त्या दिवशी भोपळे विकले गेले, कोंबड्या विकल्या गेल्या. पेटीला हात लावायला कुणी पुढं आलं नाही.